विश्लेषण : बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही? दोष साबणाचा, की पाण्याचा?

साबण तोच, हात तेच. पण गाव बदलले, सोसायटी बदलली की फेस गायब होतो. कपडे राखट दिसू लागतात, केस राठ होतात, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. यामागचे रसायनशास्त्र समजले तर साबण, पावडर आणि महागडी यंत्रे यांवरचा बराच खर्च वाचू शकतो.

महापालिकेच्या नळाच्या पाण्याची सवय असलेले कुटुंब शहराच्या कडेला नव्या इमारतीत राहायला जाते. तिथे पाणी बोअरचे किंवा टँकरचे. पहिल्या आठवड्यातच तक्रारी सुरू होतात. साबण कितीही चोळला तरी फेस धरत नाही. बादलीच्या कडेला पांढरट, चिकट थर जमतो. नळाच्या जाळीची भोके बुजतात. स्टीलचे भांडे पुसले नाही तर त्यावर पांढरे डाग पडतात. मग साबणाचा ब्रँड बदलला जातो, पावडर दुप्पट टाकली जाते आणि शेवटी कोणीतरी पाणी ‘गोड’ करणारे यंत्र विकायला दारात उभे राहते.

मराठवाडा, विदर्भ, खानदेशातल्या अनेक घरांत हा अनुभव नवा नाही. ‘आमच्याकडचे पाणी जड आहे’ हे वाक्य तिथे पिढ्यान् पिढ्या ऐकू येते. शाळेच्या पुस्तकात याच पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. ज्यात फेस नीट होत नाही ते दुष्फेन, ज्यात सहज होतो ते सुफेन. नाव नेमके आहे. पण फेस न येणे हे केवळ लक्षण आहे. खरा प्रकार पाण्यात विरघळलेल्या खनिजांमुळे घडतो.

साबण मळ काढतो कसा?

तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवली की साबण तयार होतो. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम क्षार, हे १९व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी दाखवून दिले. त्यांचे चरबीवरचे संशोधन १८२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

साबणाच्या रेणूला दोन टोके असतात. एक लांब, तेलकट शेपटी. तिला पाणी नको असते. दुसरे छोटे, विद्युतभार असलेले डोके. त्याला पाणी हवे असते. अंगावरचा किंवा कपड्यावरचा मळ बहुतेक तेलकट असतो. शेपट्या त्या मळात रुततात, डोकी पाण्याच्या बाजूला राहतात. चोळल्यावर मळाचे बारीक थेंब सुटे होतात आणि साबणाच्या रेणूंच्या वेढ्यात पाण्याबरोबर वाहून जातात.

हे सगळे घडण्यासाठी एक अट आहे. साबण पाण्यात विरघळलेला राहिला पाहिजे. सोडियमचा साबण विरघळतो, म्हणूनच तो उपयोगी पडतो. दुष्फेन पाण्यात नेमकी हीच अट मोडते.

दुष्फेन पाण्यात बिनसते कुठे?

दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतात. त्यांच्या आयनांवर, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांवर, दोन धन भार असतात. सोडियमवर एकच असतो. साबण पाण्यात पडला की कॅल्शियमचा एक आयन साबणाच्या दोन रेणूंना धरतो आणि सोडियम मोकळा होतो. असा तयार झालेला कॅल्शियमचा साबण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो दह्याच्या कणांसारखा फुटून वेगळा होतो. बादलीच्या कडेला, न्हाणीघरातल्या फरशीवर, नळाच्या तोटीवर दिसणारा पांढरट, चिकट साका तो हाच.

म्हणजे मळापर्यंत पोहोचण्याआधीच साबण पाण्यात खर्च होतो. पाण्यातले सगळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाने ‘फेडून’ झाले की मगच उरलेल्या साबणाला फेस येतो आणि धुण्याचे काम सुरू होते.

किती साबण वाया जातो?

याचा हिशेब मांडता येतो. पाण्याची दुष्फेनता प्रति लिटर इतके मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट अशी मोजतात. प्रयोगशाळेच्या अहवालात ती ‘टोटल हार्डनेस’ या ओळीत दिसते.

समजा, बोअरच्या पाण्याची दुष्फेनता लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. २० लिटरच्या बादलीत ती ६ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी झाली. रासायनिक प्रमाणानुसार एवढी दुष्फेनता पूर्ण फेडायला ३५ ग्रॅमच्या आसपास शुद्ध साबण लागतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग, तोही एक कण मळ न काढता. दुष्फेनता ६०० असेल तर हाच आकडा ७० ग्रॅमवर जातो.

रोजच्या आंघोळीत एवढा साबण जात नाही, कारण साबण थेट अंगावर किंवा कपड्यावर चोळला जातो आणि बादलीतल्या सगळ्या पाण्याशी त्याची गाठ पडत नाही. पण कपडे भिजवायला बादलीत साबण विरघळवला, तर नुकसान या हिशेबाच्या जवळ जाते.

कपडे विसळतानाही हाच प्रकार होतो. साबण लावलेल्या कपड्यावर ताजे दुष्फेन पाणी पडले की धाग्यांत अडकलेल्या साबणाचा तिथेच साका होतो. तो मळही धरून ठेवतो. म्हणूनच पांढरे गणवेश, धोतर, उशांचे अभ्रे काही महिन्यांत राखट किंवा पिवळट दिसू लागतात आणि टॉवेल कडक होतात. साबण जास्त लावला तर साकाही जास्त होतो.

किती दुष्फेनता म्हणजे जास्त?

साधारण वर्गीकरण असे आहे. लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी सुफेन, ६१ ते १२० मध्यम दुष्फेन, १२१ ते १८० दुष्फेन आणि त्यापुढे अतिदुष्फेन. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण दुष्फेनतेची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालते. म्हणजे जे पाणी पिण्याच्या मानकात बसते, ते साबणाच्या दृष्टीने अतिदुष्फेन असू शकते.

साबणाच्या फेसावरूनच पाणी मोजण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १९व्या शतकात ती बसवली. ठरावीक ताकदीचे साबणाचे द्रावण पाण्यात थोडे थोडे घालून हलवायचे आणि टिकणारा फेस येईपर्यंत किती द्रावण लागले ते पाहायचे. चुनखळी घालून पाणी सुफेन करण्याच्या पद्धतीचे पेटंटही त्यांनी १८४१ मध्ये घेतले होते. आज प्रयोगशाळेत ईडीटीए या रसायनाने मोजणी होते. बारावीच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाण्याचा लालसर रंग निळा होईपर्यंत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडलेले अनेकांना आठवत असेल. तीच ही चाचणी.

महाराष्ट्रात हे पाणी येते कुठून?

पावसाचे पाणी मुळात सुफेन असते. पागोळ्यांचे पाणी धरून त्यात साबण लावून पाहिला तर लगेच कळते. हे पाणी जमिनीत मुरते, मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ते किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी खडकातून वर्षानुवर्षे झिरपत राहिले की खनिजे सावकाश विरघळवते.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरांवर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून हे थर तयार झाले. या खडकातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. त्यात काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. विहीर आणि बोअरच्या पाण्यात हे दोन्ही उतरते.

याउलट मुंबईला येणारे पाणी भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या तलावांतले असते. पुण्याला खडकवासला साखळीतल्या धरणांचे पाणी मिळते. हे पावसाचे साठवलेले पाणी खडकाशी फार काळ संपर्कात राहत नाही, म्हणून त्यात साबण सहज फेसाळतो. एकाच शहरात धरणाच्या नळाचे पाणी वापरणारे घर आणि बोअरवर चालणारी सोसायटी यांच्या साबणाच्या खर्चात फरक पडतो, तो यामुळे.

पाण्याचा स्वभाव ऋतूप्रमाणेही बदलतो. पावसाळ्यात विहिरीत ताजे पाणी मिसळले की अनेक ठिकाणी दुष्फेनता उतरते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की ती वाढते. म्हणून फेब्रुवारीत ठीक वाटणारे पाणी मे महिन्यात साबण खाऊ लागले, तर त्यात नवल नाही.

जड पाणी आणि खारे पाणी एकच का?

नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा प्रसिद्ध आहे. तिथल्या भूजलात सोडियम आणि क्लोराइड जास्त असल्याने पाणी चवीला खारट लागते. दुष्फेनता मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येते. खारे पाणी दुष्फेन असू शकते. पण दुष्फेन पाणी खारट लागेलच असे नाही.

टीडीएस मीटरबाबतही हाच घोळ होतो. पेनासारखे हे यंत्र पाण्याची विद्युतवाहकता पाहून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्यात सोडियमही आले, कॅल्शियमही आले. केवळ टीडीएसच्या आकड्यावरून साबण किती वाया जाईल हे सांगता येत नाही. काही विक्रेते पाण्यात दोन धातूच्या सळ्या बुडवून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झालेले दाखवतात. तो रंग बहुतेक वेळा सळईतल्या लोखंडाच्या गंजाचा असतो. क्षार असलेल्या पिण्यायोग्य पाण्यातही तो येतो.

उकळले तर फरक पडतो का?

काही प्रमाणात पडतो. दुष्फेनता दोन प्रकारची असते. बायकार्बोनेटमुळे आलेली दुष्फेनता तात्पुरती. पाणी उकळले की कॅल्शियम बायकार्बोनेटचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते तळाशी बसते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पातेल्याच्या तळाशी, बंबात, गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा, टणक थर तो हाच. कॉइलवर हा थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत उशिरा पोहोचते, वीज जास्त लागते आणि कॉइल लवकर जळते.

सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेली दुष्फेनता कायमची. ती उकळून जात नाही. बोअरच्या पाण्यात सहसा दोन्ही प्रकार असतात. त्यामुळे उकळून गार केलेले, वरचे निवळ पाणी थोडे बरे असते. पण धुण्यासाठी बादल्या उकळणे इंधनाच्या खर्चात परवडत नाही.

तुरटीने गढूळ पाणी निवळते. दुष्फेनता मात्र कमी होत नाही. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते सुफेन झाले, हा समज चुकीचा आहे.

मग पावडरला आणि शाम्पूला फेस कसा येतो?

ते साबण नाहीत, डिटर्जंट आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत चरबीची टंचाई झाली. साबणाला लागणारी चरबी वाचवण्यासाठी तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम प्रक्षालक शोधायला सुरुवात केली. भारतात १९५९ मध्ये सर्फ आले. १९६९ मध्ये अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू केले आणि स्वस्त पावडर सामान्य घरात पोहोचली. कपड्यांच्या साबणाच्या वड्यांची जागा पावडरने घेण्यामागे जी कारणे होती, त्यांत दुष्फेन पाण्यातही येणारा फेस हे एक होते.

डिटर्जंटच्या रेणूलाही शेपटी आणि डोके असते. डोके मात्र वेगळे, सल्फोनेट किंवा सल्फेट गटाचे असते. कॅल्शियमशी गाठ पडली तरी त्याचा साबणासारखा घट्ट साका सहजासहजी होत नाही. शाम्पूला बोअरच्या पाण्यातही फेस येतो तो यामुळे.

तरीही दुष्फेन पाण्यात डिटर्जंटची ताकद कमी होते. म्हणून पावडरमध्ये कॅल्शियमला अडवणारे घटक घालतात. फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवते. झिओलाइट हे खनिज कॅल्शियम घेऊन सोडियम देते. स्वस्त पावडरींत धुण्याच्या सोड्याचे प्रमाण मोठे असते. फॉस्फेटची दुसरी बाजू नदीत दिसते. सांडपाण्यातून गेलेले फॉस्फेट शेवाळ आणि जलपर्णीला खत पुरवते. युरोपीय संघाने घरगुती कपडे धुण्याच्या डिटर्जंटमधील फॉस्फरसवर २०१३ पासून मर्यादा घातली, ती याच कारणाने.

डिटर्जंटच्या आधी घराघरांत जे वापरले जाई, त्यातही रसायन होतेच. रिठ्यातील सॅपोनिन कॅल्शियमबरोबर साका करत नाही. त्यामुळे जड पाण्यातही रिठा फेसाळतो. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते कॅल्शियमला खाली बसवते. राखेच्या पाण्यात कपडे भिजवणे म्हणजे पाणी सुफेन करूनच धुणे होते.

महागडा साबण घेतला तर?

आंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ असा आकडा असतो. त्या वडीत मेदाम्ल किती आहे, ते यावरून कळते. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या टॉयलेट सोपमध्ये हे प्रमाण किमान ७६ टक्के लागते. सुफेन पाण्यात जास्त टीएफएमचा साबण चांगला, हे ढोबळमानाने खरे आहे.

दुष्फेन पाण्यात मात्र चांगल्या साबणातल्या मेदाम्लांचाच साका होतो. वडी कितीही महाग असली तरी कॅल्शियम तिला सोडत नाही. याउलट ‘बाथिंग बार’ असे लिहिलेल्या काही वड्यांत आणि बहुतेक बॉडीवॉशमध्ये कृत्रिम प्रक्षालक असतात. त्यांना दुष्फेन पाण्यात अधिक फेस येतो आणि अंगावर साका कमी राहतो. म्हणून पाणी जड असेल तर वेष्टनावरच्या टीएफएमच्या आकड्यापेक्षा वडीत काय घातले आहे, ते वाचणे जास्त उपयोगी ठरते.

उलटा अनुभवही अनेकांना येतो. जड पाण्याची सवय असलेला माणूस मुंबईत आला की साबण अंगावरून ‘निघतच नाही’ असे त्याला वाटते. सुफेन पाण्यात साका होत नसल्याने त्वचा गुळगुळीत लागते. साबण राहिला आहे असे समजून तो आणखी दोन तांबे पाणी ओतत राहतो.

स्वस्तात पाणी सुफेन कसे करावे?

कपडे धुण्यासाठी सर्वांत सोपा उपाय किराणा दुकानात मिळतो, तो म्हणजे धुण्याचा सोडा. हे सोडियम कार्बोनेट आहे. त्यातले कार्बोनेट कॅल्शियमला धरून चुन्यासारख्या पांढऱ्या कणांच्या रूपाने खाली बसवते. तात्पुरती आणि कायमची, दोन्ही प्रकारची दुष्फेनता त्याने कमी होते. मॅग्नेशियम थोडे मागे राहते.

वरच्याच उदाहरणातल्या बादलीचा हिशेब पाहिला तर फरक लक्षात येतो. ३०० मिलिग्रॅम दुष्फेनतेच्या २० लिटर पाण्याला सुमारे साडेसहा ग्रॅम कोरडा सोडा पुरतो. सोडा पाणीदार स्फटिकांच्या रूपात असेल तर सुमारे १७ ग्रॅम लागतो. हेच काम साबणाकडून करून घ्यायचे तर ३५ ग्रॅम साबण जातो आणि वर चिकट साका राहतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाण्यात सोडा विरघळवायचा, थोडा वेळ थांबायचे, मग साबण किंवा पावडर घालायची. दोन्ही एकदम घातले तर कॅल्शियम साबणालाही धरते. शक्य असेल तर पहिल्या विसळण्याच्या पाण्यातही चिमूटभर सोडा घालावा, म्हणजे धाग्यांत साका बसत नाही.

खबरदारीही हवी. धुण्याचा सोडा तीव्र अल्कधर्मी आहे. हातांची त्वचा कोरडी पडते, त्यामुळे हातमोजे बरे. रेशमी आणि लोकरी कपड्यांना तो चालत नाही. आंघोळीसाठी किंवा स्वयंपाकासाठी तो वापरू नये. खाण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ आहे. गार पाण्यात घातल्याने त्याने दुष्फेनता कमी होत नाही.

डाळ न शिजण्याचे कारणही हेच कॅल्शियम आहे. डाळीच्या पेशींना एकत्र बांधणाऱ्या पेक्टिनशी ते जोडले जाते आणि दाणा कडक राहतो. डाळ शिजताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची पद्धत यामुळेच आहे. पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी असेल तर डाळ त्यात शिजवणे अधिक चांगले.

केसांसाठी शेवटच्या तांब्यात थोडा लिंबाचा रस घालण्याचा घरगुती उपाय रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकतो. आम्लामुळे केसांवर बसलेला कॅल्शियमचा साबण सुटतो. त्यानंतर साध्या पाण्याने केस धुऊन घ्यावेत.

नळाच्या जाळीवरचा किंवा भांड्यावरचा पांढरा थर व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवला की निघतो. फरशीसाठी बाजारात मिळणारे तीव्र अ‍ॅसिड वापरायचेच असेल तर दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ते ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सोसायटीने सॉफ्टनर बसवावा का?

सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. त्यांवर सोडियम असते. पाणी त्यातून गेले की मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम धरतात आणि सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचे दाट पाणी सोडून त्यांना पुन्हा तयार करावे लागते. धुणे, आंघोळ आणि गिझर यांसाठी ही पद्धत खात्रीची आहे.

तिची किंमतही समजून घ्यावी. मीठ नियमित भरावे लागते. निघणारे खारट पाणी कुठे जाणार, ते ठरवावे लागते. ३०० मिलिग्रॅम दुष्फेनता काढताना लिटरमागे सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी असे पाणी पिण्यासाठी वापरू नये. बागेसाठीही ते योग्य नाही. जास्त सोडियममुळे माती घट्ट होते. म्हणून पिण्याची आणि झाडांची वाहिनी वेगळी ठेवणे शहाणपणाचे.

आरओ यंत्र क्षार काढते. पण त्यातून बरेच पाणी वाया जाते. पिण्याच्या काही लिटरसाठी ते ठीक, सगळ्या इमारतीच्या धुण्याला परवडणारे नाही. पाइपला बाहेरून बांधायचे चुंबकीय ‘कंडिशनर’ही विकले जातात. ते पाण्यातून कॅल्शियम काढत नाहीत. बसवण्यापूर्वी आणि नंतर प्रयोगशाळेत दुष्फेनता मोजली, तर आकडा तोच राहतो. त्यामुळे साबणाच्या फेसातही फरक पडत नाही.

आरोग्याला धोका आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील दुष्फेनतेसाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. जड पाण्याने मुतखडा होतो, ही समजूत सर्वत्र आहे. पण तसा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. कमी पाणी पिणे हे मुतखड्याचे अधिक पक्के कारण आहे.

जड पाण्यात केस राठ होतात, हे खरे. मात्र ते मुळापासून गळतात याचा ठोस पुरावा नाही. साक्यामुळे कोरडी त्वचा अधिक खाजू शकते. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र घरात सॉफ्टनर बसवल्याने इसब कमी झाल्याचे आढळले नाही. त्वचेचा आजार असेल तर यंत्रावर खर्च करण्याआधी डॉक्टरांना दाखवणे योग्य.

फेस आला म्हणजे पाणी चांगले का?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातील फ्लोराइडमुळे दात आणि हाडांचे विकार आढळले आहेत. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जोडले जाऊन काही प्रमाणात खाली बसते. कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात ते जास्त विरघळून राहू शकते. म्हणजे साबण छान फेसाळतो ते पाणी फ्लोराइडच्या दृष्टीने धोक्याचे असू शकते. मानकात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू, यांतले काहीही फेसावरून कळत नाही. चवीवरूनही ते ओळखता येत नाही.

घरी तपासणी कशी करावी?

दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत बोअरचे, दुसरीत पावसाचे किंवा आरओचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे. साध्या साबणाचा किस थोड्या आरओच्या पाण्यात विरघळवून त्याचे सारखेच थेंब दोन्हींत टाकावेत आणि बाटल्या जोरात हलवाव्यात. हँडवॉश किंवा शाम्पू चालणार नाही, कारण त्यांत बहुधा डिटर्जंट असते. एका बाटलीत फेस आणि दुसरीत दुधट पाणी दिसले, तर बोअरचे पाणी दुष्फेन आहे. थेंब वाढवत नेले की किती साबणानंतर फेस टिकतो, तेही दिसते. क्लार्क यांच्या चाचणीचीच ही घरगुती आवृत्ती आहे.

आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्यावा. जिल्हा आणि उपविभागीय पातळीवर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. गावात ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे नमुन्याबाबत चौकशी करता येते. अहवाल आला की किमान तीन ओळी पाहाव्यात. एकूण दुष्फेनता साबण, सोडा आणि गिझर यांचा हिशेब सांगते. फ्लोराइड आणि नायट्रेट पिण्याच्या पाण्याचा निर्णय सांगतात. जंतूंची तपासणी वेगळी असते, तीही करून घ्यावी. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी केली तर वर्षभराचा अंदाज येतो.

हा अहवाल हातात असेल तर साबणाचा ब्रँड बदलावा, दहा-वीस रुपयांचा सोडा आणावा की सोसायटीच्या सभेत लाखभराच्या यंत्राला हात वर करावा, हे विक्रेत्याच्या सांगण्यावरून ठरवावे लागणार नाही.